दगडाच्या शंखुल्या

दुष्काळ पडला की गावात आधी काय थांबतं? कुणी म्हणेल मोट, कुणी म्हणेल लग्नं. मलप्पाला विचारलं तर तो म्हणायचा, गाठायचं काम. डोरलं तुटलं की बाई दोऱ्याला गाठ मारून तसंच गळ्यात अडकवते. पोत विरली तर पुढच्या साली बघू म्हणते, आणि पुढच्या सालापर्यंत पोत सराफाकडं गेलेली असते. मलप्पाच्या घरात आज्यापासून दागिने गाठायचं काम. उमरवाडीतल्या निम्म्याअधिक लेकरांच्या मनगट्या त्याच्या हातच्या होत्या. आता त्याची मण्यांची पेटी ओसरीवर नुसती पडून होती, आणि तिच्यावर बसून तो दिवसभर रस्त्याकडं बघायचा.

त्यात गावाचा जिल्हा बदलला होता. उमरवाडी उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेली, म्हणजे गाव होतं तिथंच राहिलं, कागद तेवढे हलले. मलप्पाचा लेक सिद्धलिंग तिकडं नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली लागला होता. "जिल्हा आला घरापाशी," मलप्पा म्हणायचा, "आता पावसालाबी सांगा म्हणावं, दाखला घेऊन ये."

असं हसून बोलायचा, पण मनात एकच घोर होता. त्याची नात गौरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेक झाली, पाच महिन्यांची झाली, आणि उदगीरकडून सासूचा निरोप आला की आता न्यायला येते. आजोळचं बाळलेणं लेवूनच लेकरू सासरी जातं, अशी रीत. चांदीचे वाळे, साखळी, मनगट्या. घरातली चांदी कधीच कडब्यापायी गेली होती, आणि पुढं ज्यांच्यासाठी कडबा घेतला ते बैलही गेले. बाळाच्या गळ्यात जंगम अय्यांनी बांधलेलं लिंग होतं, कापडाच्या इवल्याशा गाठोड्यात, काळ्या दोऱ्यात. बाकी अंगावर काही नव्हतं. साऱ्या गावाची लेकरं ज्यानं नटवली त्याची पणती उघडी जाणार, हे म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मलप्पाची सून, गौरम्माची आई नीलम्मा नांदेडच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. सुरुवातीला लाजेनं पदर नाकापर्यंत ओढून बसली. पदरामुळं दगड दिसला नाही, हातोडा अंगठ्यावर बसला आणि नख काळंनिळं झालं. मग पदर कमरेला खोचला. शेजारी बसणारी सरजाबाई बौद्धवाड्यातली, या कामात जुनी. तिनं टायरचं कडं कापून दिलं.

"दगड कड्यात, बोटं भाईर," सरजाबाई म्हणाली. "दगडाचं काय, त्यो फुटायलाच आलाय. आपण न्हाई."

एक दिवस खाणीतला काळा दगड संपला आणि खाली पांढरट-पिवळा थर लागला. मुकादमानं बघितलं आणि हा खडीला चालत नाही, बाजूला टाका म्हणून सांगून तो चहाला गेला. सरजाबाईनं सहज एका ढेपेवर हातोडा घातला. ढेप उकलली आणि आतून काहीतरी टपकन मांडीवर पडलं. बोराएवढं, पिवळसर, वळ्यांचं.

"गोगलगाय!" नीलम्मानं हात मागं घेतला.

"दगडाची हाय. ऐका की." सरजाबाईनं ती हातोड्याच्या तोंडावर आपटली. टणटण वाजली. "वळं बघा कसं हायेत. समदी ढेप भरलीय ह्यांनी."

दोघींनी जेवणाची सुट्टी ढेपा फोडण्यात घालवली. किती तरी फुटून गेल्या, थोड्याच सगळ्याच्या सगळ्या निघाल्या. काळ्या दगडाच्या चिरांतून हिरवे खडे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या गारगोट्याही मिळाल्या. सरजाबाईनं आपल्या वाटणीच्या शंखुल्याही नीलम्माच्या पदरात घातल्या.

"आप्पाला दावा. पोरीच्या बाळाला काय तरी करतील."

"तुमी घ्या की, तुमाला गावल्यात."

"मी काय करू? गाठायचं तर मला बी त्यांच्याकडंच यावं लागतंय."

घरी आल्यावर नीलम्मानं सासऱ्यापुढं पदर रिकामा केला. मलप्पाची नजर अधू झाली होती, तो अंगठ्यानं बघायचा. त्यानं एक शंखुली उचलली, वळ्यांवरून अंगठा फिरवत टोकाला गेला, परत फिरला. मग ती खाली ठेवून रस्त्याकडं बघायला लागला. नीलम्मा हिरमुसली आणि चुलीकडं गेली. सकाळी उठून बघते तर म्हातारा माळ्यावर चढलेला, आणि खालून गौरम्मा ओरडत होती, "अज्जा, पडशीला!"

"धर हे," वरून मलप्पा म्हणाला आणि सामता खाली दिला. सुताराकडं असतं तसं भोकं पाडायचं हत्यार, फक्त बारीक. त्याच्या धनुकलीची दोरी उंदरांनी खाल्लेली होती, ती नवी ओवली.

दगडाला भोक पाडायचं तर टोकाशी कुरुंदाची पूड लागते आणि वरून थेंबथेंब पाणी लागतं. पूड पेटीत होती. पाणी कुठलं आणायचं? टँकर यायचा त्या दिवशी बायका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. दगडाला पाजायला पाणी द्या म्हणायची मलप्पाला लाज वाटली. गौरम्मानंच तोड काढली. बाळाला परातीत उभं धरून अंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी अज्जाला द्यायचं. त्या पाण्याला डाळीच्या पिठाचा वास यायचा.

मग दोघांचं काम सुरू झालं. मलप्पा दगड धरायचा, गौरम्मा धनुकली ओढायची, मांडीवर लेक. सामत्याचा आवाज सुरू झाला की लेक हातपाय हलवणं बंद करून ऐकत राहायची.

"कामावर ध्यान हाय तिचं," मलप्पा म्हणायचा. "तुझ्यावानी न्हाई. तू झोपायचीस."

"मी कवा झोपले?"

"तुझ्या मनगट्या गाठताना. तोंड उघडं टाकून."

गौरम्मा हसायची. बाळंतपणात तिच्या गालांची हाडं वर आली होती, पण हसली की पूर्वीची पोर दिसायची. मलप्पाला ती जाऊच नये असं वाटायचं आणि तिच्या जाण्यासाठीच तो राबत होता.

घाई केली की शंखुली तडकायची. सहाणेवर घासताना म्हाताऱ्याची बोटं सोलून निघायची, त्यांना तो दिव्याचं तेल लावायचा आणि परत बसायचा. हळूहळू माळ भरत आली. पट्टेरी गारगोट्या, हिरवे खडे, मधेमधे शंखुल्या, आणि बरोबर मधोमध सगळ्यांत मोठी, सरजाबाईच्या मांडीवर पडलेली. दुसरी एक सुटी शंखुली बाळाला खेळायला दिली होती.

एका दुपारी धनुकली ओढता ओढता गौरम्मानं विचारलं, "अज्जा, ह्या कवा जित्या होत्या का?"

मलप्पाचा हात थांबला. एवढे दिवस तो वळी बघत होता, चकाकी बघत होता. हे मनात आलंच नव्हतं, किंवा आलं असेल तर त्यानं दाराबाहेर उभं केलं होतं. या घरात मांसाचं नाव काढत नसत. अंड्याची टरफलं अंगणात पडली तरी नीलम्मा शेण टाकून सारवून घ्यायची. आणि ही माळ जाऊन टेकणार होती ती बाळाच्या लिंगाला.

"ओढ तू," तो म्हणाला.

पण त्या दिवसापासून पूजेला बसला की त्याचं चित्त लागेना. तळहातावर लिंग असायचं आणि डोळ्यांपुढं गोगलगाय सरपटायची. संध्याकाळी सरजाबाई आली तेव्हा त्यानं तिला विचारलं.

"सरजाबाई, तुमी काडल्या ना त्या? आत काय मांसबिंस?"

"आप्पा, दगडात कुठलं मांस आलंय?"

"आता न्हाई. पर आधी असंल की."

"आधी तर हितं समदं पाणीच होतं म्हणतात. मंग आपण बुडालाव का?" सरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. मलप्पाही हसला, पण त्यानं माळ देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यातून काढून पलीकडच्या फळीवर ठेवली. टाकून मात्र दिली नाही. म्हाताऱ्याला माळ आवडली होती, हीच सगळी अडचण.

गौरम्माची सासू बसम्मा सकाळच्या गाडीनं आली. उंच, हाडकुळी, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. नवरा गेल्यापासून फिकट लुगड्याशिवाय दुसरं नेसत नव्हती, आणि उदगीरकडं तिच्या सोवळ्याओवळ्याला तिची मुलंही वचकून असत. नीलम्मानं त्या दिवशी काम बुडवलं होतं. तांब्याभर पाण्यातल्या अर्ध्याच पाण्यानं बसम्मानं पाय धुतले, आणि उरलेलं पाणी तांब्यात तसंच परत दिलं. नीलम्माला ते बरं वाटलं.

"या यव्वा," बसम्मानं नातीला उचललं. "बघू बघू, कुणासारकी झाली?" आणि तिच्या तोंडात काहीतरी दिसलं म्हणून तिनं बोट घालून ते बाहेर काढलं. ओली शंखुली उजेडात धरली. तिचा चेहरा उतरला.

"हे काय?"

"खेळणं हाय, विहीणबाई," नीलम्मा म्हणाली. "दगडाचं."

"हुळा हाय हा, हुळा! किडा! लिंग बांधल्याल्या लेकराच्या तोंडात?"

"दगडच हाय, अत्ती," गौरम्मा घाबरून म्हणाली. "अज्जानं ह्याचीच माळ केलीय." आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

माळ आणावीच लागली. बसम्मानं ती हातात घेतली नाही, नीलम्माच्या हातातच वाकून बघितली. खरं सांगायचं तर बघत राहिली. मग म्हणाली, "खडं चांगलं हायेत. पर ह्याला वळी हायेत, दार हाय. हे कुणाचं तरी घर हाय. दगडाला घर कशाला लागतंय? ह्यात कोण ऱ्हात होतं?"

गौरम्माच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"शंखुल्या काडून टाकू," नीलम्मा घाईनं म्हणाली. "नुसत्या खड्यांची करू की. मामा, आत्ता दोरा तोडून देताव का?"

सगळे मलप्पाकडं बघायला लागले. तो पेटीवरून उठला. दगड आहे म्हणून ठणकावून सांगितलं असतं तर विहीणबाई धुसफुसली असती आणि कदाचित गप्प बसली असती. वयानं तो मोठा होता. पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं असंही नाही, या एका बाबतीत बोलवत नव्हतं.

"बसम्माबाई, तुमाला जो इचार पडला त्यो मलाबी पडला होता," तो म्हणाला. "मी दाबून ठिवला. आता भाईर काडू. शिंपला जाळला की चुना होतोय, हे तर तुमाला ठावं हाय. दगुड जाळला तर दगुडच ऱ्हातोय. इस्तवाला इचारू."

"मामा, कामून हट्ट करूलालाव?" नीलम्मा त्याच्या कानाशी लागली. "चुना झाला तर?"

"तर समदी माळ चिंचंखाली पुरतो, खड्यासकट. लेकरू उघड्या गळ्यानं जाईल." आणि मग मोठ्यानं, बसम्माकडं बघून, "पर मंग माझ्या नातीला सासरी कुणी बोल लावायचा न्हाई. बोल मला लावा. मी हितं ऐकायला बसलोय."

बसम्मानं मान हलवली. "कबूल. पर मधली घाला. मोठी."

गौरम्मा "अज्जा, ती नगं" म्हणाली, तोवर म्हाताऱ्यानं दोऱ्याची गाठ दातानं तोडली होती. खडे परातीत घरंगळले.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर चुलीत होताच. मलप्पानं जाळ काढून टाकला, शंखुली राखेत पुरली आणि वरून आर ओढला. "आता घाई नगं. तापायला येळ, निवायला येळ. ऊन ऊन भाईर काडली तर दगुड असून बी फुटंल."

"अन गाडी?" बसम्मानं विचारलं.

"गाडी उद्याबी हाय."

नीलम्मानं जेवायला वाढू का विचारलं. बसम्मा म्हणाली, निकाल लागल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. मलप्पाही पूजा केल्याशिवाय जेवणारा नव्हता आणि आज पूजेला बसायला त्याचं मन धजत नव्हतं. मग कुणीच जेवलं नाही. बाहेर ऊन रणरणत होतं. गौरम्मानं लेकीला पाजायला घेतलं, लेक ओढून ओढून रडायला लागली आणि थकून झोपली. चुलीपुढं दोन्ही विहिणी बसल्या होत्या. नीलम्मा राख सारखी करायला पुढं झाली तेव्हा बसम्माची नजर तिच्या अंगठ्यावर गेली.

"नखाला काय झालं?"

नीलम्मानं हात पदराखाली घेतला. "लागलं."

"खडीवर जाताव?"

हे कळू नये म्हणूनच तर तिनं सकाळपासून हात लपवला होता. उदगीरला गेल्यावर चार बायकांत गोष्ट निघेल, सुनेची आई रस्त्यावर बसते म्हणून.

बसम्मानं दाराकडं बघितलं, ओसरीवरच्या मलप्पाकडं बघितलं, आणि आपले दोन्ही तळहात गुपचूप नीलम्मापुढं उघडले. फोड येऊन फुटलेले, वरून कातडी टणक झालेली.

"आमच्याकडं तळ्याचं काम निघालंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माती उचलते मी. पोरगं म्हणतंय, अव्वा, गावाला कळलं तर? मी म्हणलं, तू सांगू नगंस म्हंजी झालं."

नीलम्मानं खोबरेल तेलाची बाटली काढली. तळाशी थोडं होतं. ते तिनं विहिणीच्या तळहातावर ओतलं, बसम्मानं त्यातलंच तिच्या काळ्या नखाला लावलं, आणि दोघी एकमेकींचे हात चोळत बसल्या.

उन्हं कलली. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, लांब गेला. मग मलप्पा आत आला. त्यानं राखेत बोट घातलं, निवलीय का बघितलं, आणि चिमट्यानं चाचपडत शंखुली वर काढली. पदराच्या टोकानं गौरम्मानं तिच्यावरची राख पुसली.

पिवळी शंखुली लाल झाली होती. वळ्यांच्या आतपर्यंत लाल, कुंकवाच्या रंगाची. एका बाजूला केसाएवढी चीर गेली होती, पण होती अखंड.

"अज्जा, लाल झालीय!" गौरम्मा ओरडली. तिच्या ओरडण्यानं लेक जागी झाली.

मलप्पाला रंग नीट दिसला नाही. त्यानं नखानं खरवडून बघितलं, भुगा निघेना. तरी त्याचं समाधान होईना. चुना असेल तर जीभ पोळते. एवढी एकच परीक्षा राहिली होती. जन्मात ज्यानं वशाट तोंडाला लावलं नव्हतं त्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि शंखुली जिभेवर ठेवली. नीलम्मा "मामा!" म्हणून पुढं झाली. बसम्मा जागची हलली नाही.

बराच वेळ त्यानं ती तोंडात धरली. मग तळहातावर काढली.

"दगुड हाय," तो म्हणाला. "नुसता दगुड हाय, पोरी." आणि तो मटकन चुलीपुढं बसला, डोळ्यांतलं पाणी राखेच्या हातांनी पुसायला लागला, त्यामुळं सगळं तोंड राखेचं झालं.

बसम्मानं त्याच्या हातातून शंखुली घेतली. उलटीपालटी करून बघितली. मग परातीतले खडे एकेक करून एका बाजूला केले आणि शंखुल्या दुसऱ्या बाजूला.

"ह्या समद्या आरात घाला," ती म्हणाली. "लालच करा. आता कुंची काळी शिवलीय मी, तिच्यावर उठून दिसतील. उद्याच्या गाडीनं जाऊ." मग नीलम्माकडं वळली, "जेवायला वाडा की विहीणबाई. का उपाशीच ठिवताव?"

नीलम्मा हसत हसत भाकरीच्या टोपल्याकडं धावली. मलप्पानं आर परत पुढं ओढला, एकेक शंखुली राखेत पुरायला लागला. शेवटची हातात घेतली तेव्हा बसम्मानं त्याचं मनगट धरलं.

"ही ऱ्हाऊ द्या."

"कामून?"

बसम्मानं गळ्यातला दोरा पदराबाहेर काढला. दोऱ्याला तिचं लिंग होतं, घासून घासून गुळगुळीत झालेल्या चांदीच्या इवल्या डबीत, करडीत. "माझ्या दोऱ्यात एक ओवा. लिंगाशेजारी."

"मंग लाल होऊ द्या की ही बी."

"मला आता लाल कशाला, आप्पा? हीच द्या, पिवळी."

मलप्पा घुटमळला. "बसम्माबाई, ही आरात घातल्याली न्हाई. इस्तवाला इचारल्याली न्हाई."

"ठावं हाय मला," बसम्मा म्हणाली.

तिनं गळ्यातला दोरा सोडून म्हाताऱ्याच्या हाती दिला. नीलम्मानं सुई ओवून दिली. लिंग खाली ठेवायचं नसतं, म्हणून ते तेल लावलेल्या तळहातावर धरून, मलप्पाचं काम होईपर्यंत, बसम्मा त्याच्यासमोर बसून राहिली.